खोल खाचेत निकेल भरताना: सूक्ष्म इलेक्ट्रोफॉर्मिंगमध्ये आयन तळापर्यंत पोहोचवायचे कसे

साखर कारखान्याच्या सेंट्रिफ्युगलमधली निकेलची जाळी सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला नवी नाही. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये कापडावर फिरणारी रोटरी स्क्रीनही निकेलचीच. दोन्ही ओतून किंवा ड्रिलनं भोकं पाडून होत नाहीत. साच्यावर विजेनं निकेल चढवायचं आणि मग ते साच्यावरून सोडवून घ्यायचं, ही ती रीत. मॉरिट्झ फॉन याकोबीनं १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ती दाखवली, ग्रामोफोन रेकॉर्डचे स्टँपर तिच्यावरच निघाले, आणि १९८० च्या दशकात जर्मनीतल्या कार्ल्सरुहेला एक्स-रे लिथोग्राफीशी तिची सांगड घालून ‘लिगा’ तंत्र उभं राहिलं.

आता कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत प्लेटिंग करणाऱ्याकडे इंजिनिअरिंगची मुलं वेगळ्याच प्लेटा घेऊन येतात. हाताच्या पंजाहून लहान तांब्याचा तुकडा, त्यावर ड्राय फिल्मचे (प्रकाशानं नक्षी उमटवता येणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या प्लास्टिक पापुद्र्याचे, यालाच रेझिस्ट म्हणतात) दोन-तीन थर, आणि त्यात ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा. त्या खाचा निकेलनं भरून बारीक गिअर, नोझल प्लेट नाहीतर प्लास्टिकच्या मायक्रोफ्लुइडिक चिपचा (जिच्या केसाएवढ्या वाटांतून द्रव खेळवतात) साचा काढायचा असतो. तक्रार ठरलेली: रुंद जागी निकेल छान, अरुंद खाचेत खड्डे, काही खाचा तर कोऱ्याच. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: स्टीरर वाढवा.

कधी कधी त्यानं भागतं. पण खाच किती खोल आहे हे न बघता स्टीरर वाढवणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं. आधी आकडेमोड करू. ती कागदावर दहा मिनिटांत होते.

आधी खाच मोजा

कॅथोडला, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या आपल्या प्लेटला, लागून द्रावणाचा एक पातळ थर असतो, ज्यात प्रवाह नसतो. आयनांना, म्हणजे द्रावणातल्या निकेलच्या भारित कणांना, तो डिफ्युजननं, म्हणजे आपल्या चालीनं ओलांडावा लागतो. न ढवळलेल्या टाकीत हा थर साधारण २०० मायक्रॉनचा धरा, नीट ढवळलं तर ४० च्या आसपास. सपाट जॉबला एवढंच पुरतं. खाच असेल तर तिची खोली या थरात मिळवायची, कारण कृष्णा आयर्विन पुलाखालून कितीही वेगानं वाहू दे, काठावरच्या आडातलं पाणी त्यानं ढवळलं जात नाही. खाच रुंदीपेक्षा दुप्पट खोल झाली की बाहेरचा प्रवाह तोंडाशीच घुटमळतो आणि तळाला फक्त डिफ्युजन उरतं.

सूत्र असं: जास्तीत जास्त करंट डेन्सिटी म्हणजे २ गुणिले ९६,४८५ गुणिले डिफ्युजन गुणांक गुणिले निकेलची तीव्रता, भागिले थराची जाडी. लिटरला ८२ ग्रॅम निकेल धातू असलेला बाथ (टाकीतलं द्रावण) म्हणजे घनमीटरला १,४०० मोल. कोमट, दाट बाथमध्ये गुणांक सेकंदाला ६ गुणिले १० चा उणे दहावा घात चौरस मीटर धरू. अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला कारखान्यात एएसडी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

खाच ५० मायक्रॉन खोल असेल तर स्थिर बाथमध्ये मर्यादा सुमारे ६.५ एएसडी येते आणि ढवळल्यावर १८. जवळजवळ तिप्पट. खोली १५० मायक्रॉन झाली की ४.६ वरून ८.५, म्हणजे दुपटीच्या आत. आणि १ मिलिमीटर खोल खाचेत १.३५ वरून फक्त १.५६. मोटर जळेपर्यंत ढवळलं तरी फायदा १५ टक्क्यांचाच.

म्हणून उथळ खाचेला ढवळणं, खोल खाचेला संथ करंट आणि ऊब. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आणखी एक आकडा जवळ ठेवा: खाचेच्या खोलीचा वर्ग भागिले डिफ्युजन गुणांक. तळाशी आयन परत भरायला लागणारा हा अंदाजे वेळ. १५० मायक्रॉनला तो ४० सेकंदांच्या आसपास आहे, १ मिलिमीटरला २८ मिनिटं. पल्स प्लेटिंगबद्दल (करंट सलग न देता झटक्या-झटक्यानं देणं) ऐकीव गोष्टी फार आहेत, तिथे हा आकडा उपयोगी पडेल.

उपासमार नक्की कशाची?

१५० मायक्रॉनच्या खाचेत मर्यादा ८.५ एएसडी आणि आपण काम करतो १ ते २ वर. म्हणजे तळाला निकेल भरपूर आहे. मग खड्डे का पडतात?

कारण कॅथोडवर निकेलसोबत थोडा हायड्रोजनही सुटतो. करंटचे समजा ३ टक्के त्यात गेले, तर २ एएसडीवर ०.०६ एएसडी हायड्रोजनचे. हा हायड्रोजन बाथमधल्या आम्लातून येतो. पण पीएच ४ ला मोकळे हायड्रोजन आयन इतके कमी असतात की १५० मायक्रॉनच्या खाचेतून ते जेमतेम ०.००२५ एएसडी पुरवू शकतात. गरज त्याच्या चोवीसपट. ही तूट बोरिक आम्ल भरून काढतं. ते कमी पडलं की तळाचा पीएच चढतो, सहाच्या आसपास निकेल हायड्रॉक्साइड बनायला लागतं आणि धातूत अडकतं. तिथलं निकेल काळपट, ठिसूळ, ताण असलेलं निघतं. शिवाय हायड्रोजनचा बुडबुडा ५० मायक्रॉनच्या खाचेत अडकला, की त्याखाली निकेल चढणार नाही.

तेव्हा निकेलच्या मध्यम खोल खाचेत भांडण निकेल आयनांचं क्वचित असतं. ते पीएचचं, बुडबुड्यांचं आणि मुळात खाच ओली न झाल्याचं असतं. १ मिलिमीटरच्या खाचेत मात्र निकेलचीही टंचाई खरीच. तांब्याचं गणित निराळं: आम्लयुक्त कॉपर सल्फेट बाथमध्ये हायड्रोजनचा त्रास जवळपास नसतो आणि लिटरला २०० ग्रॅम कॉपर सल्फेट म्हणजे जेमतेम ०.८ मोल, त्यामुळे तिथे आयनांचीच वाट बघावी लागते.

बाथ

निकेल सल्फामेट लिटरला ३५० ते ४५० ग्रॅम, बोरिक आम्ल ४० ग्रॅम, निकेल क्लोराइड ५ ते १५ ग्रॅम, पीएच ३.८ ते ४.२, तापमान ५० अंश. निकेल सल्फेटचा नेहमीचा वॉट्स बाथ स्वस्त पडतो, पण त्याच्या निकेलात ताण जास्त असतो. जाड इलेक्ट्रोफॉर्म वाकतो नाहीतर रेझिस्टवरून उचलला जातो. या कामाला सल्फामेटच घ्या.

बोरिक आम्लात कंजुषी नको. ते थंड पाण्यात फारसं विरघळत नाही. रात्री हीटर बंद केला की टाकीच्या तळाशी आणि फिल्टरमध्ये त्याचे खडे बसतात, आणि सकाळी बाथ तापवून लगेच जॉब सोडला तर वरच्या द्रावणात आम्ल कमीच असतं. तापमान ५० ला आल्यावर फिल्टर पंप चालू ठेवून तळाचे खडे विरघळले का ते टॉर्च मारून बघा, मगच जॉब सोडा.

तापमान एका अंशानं वाढलं की डिफ्युजन साधारण दोन टक्क्यांनी वाढतं. ४० चा बाथ ५५ ला नेला तर तळाचा पुरवठा तीसेक टक्के वाढतो, म्हणजे १ मिलिमीटरच्या खाचेत ढवळण्यानं मिळतो त्याच्या दुप्पट फायदा. पण ६० च्या वर जाऊ नका. सल्फामेट फुटून अमोनियम आणि सल्फेट तयार होतं आणि निकेलात ताण चढतो. ड्राय फिल्मही जास्त उष्णतेत फुगते.

पाणी डीआयचंच, म्हणजे क्षार काढलेलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेटबरोबर बारीक खडे करतं आणि ते आडव्या खाचेत पडले की खडबडीतपणा ठरलेला. एप्रिल-मेमध्ये वाफ होऊन रोज पातळी उतरते. ती नळाच्या पाण्यानं भरली तर महिन्याभरात बाथ बिघडतो, आणि बिघडलेला सल्फामेट बाथ परत सरळ करण्यापेक्षा नवा केलेला स्वस्त पडतो. फिल्टर १ मायक्रॉनचा, अ‍ॅनोड टायटॅनियमच्या बास्केटमध्ये सल्फरयुक्त निकेल गोळ्यांचे, त्यांना पॉलिप्रॉपिलीनची पिशवी. तांबं शिरलं असेल तर पन्हळी पत्र्यावर ०.२ ते ०.५ एएसडीनं डमी चालवा, म्हणजे ते तांबं त्या टाकाऊ पत्र्यावर चढून जातं. एवढं प्लेटिंगवाल्याला सांगावं लागत नाही.

खाच ओली करणं

सगळ्यात जास्त जॉब इथे फुकट जातात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. कोरडी प्लेट थेट बाथमध्ये बुडवली की अरुंद खाचेत हवा तशीच राहते. वरून प्लेट ओली दिसते, आत द्रावण गेलेलंच नसतं. रेक्टिफायरवरचा (बाथला डीसी वीज देणाऱ्या यंत्रावरचा) करंट बरोबर दिसतो, कारण तो उघड्या राहिलेल्या बाकीच्या खाचांतून जातो. तिथे मग जास्तच चढतं.

ड्राय फिल्म डेव्हलप केल्यावर प्लेट वाळू देऊ नका. डीआय पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. तळाशी रेझिस्टचा पातळ पापुद्रा राहतो, तो ऑक्सिजन प्लाझ्मा मिळत असेल तर त्यानं जातो आणि खाचेच्या भिंतीही पाणी धरायला लागतात. प्लाझ्मा नसेल तर डेव्हलपरचा वेळ थोडा वाढवून बघा. मग तांब्याच्या तळावरचा ऑक्साइड काढायला १० टक्के सल्फ्युरिक आम्लात अर्धा मिनिट आणि परत डीआय.

आता निर्वात. प्रयोगशाळेतला काचेचा डेसिकेटर आणि छोटा व्हॅक्यूम पंप पुरतो. बीकरमध्ये थंड डीआय पाणी, त्यात सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखं ओलं करणारं रसायन) चिमूटभर, प्लेट पूर्ण बुडलेली आणि खाचांची तोंडं वर. पंप चालू केला की खाचांतून मोहरीपेक्षा बारीक बुडबुड्यांच्या माळा निघताना दिसतात, आधी रुंद खाचांतून, मग अरुंद. त्या थांबल्या की हवा हळूहळू आत सोडा. बाहेरचा दाब पाणी खाचेत ढकलतो. परत एकदा तसंच. पाणी कोमट घेऊ नका, कमी दाबाला ते उकळायला लागतं आणि हवा निघतेय की वाफ हे कळत नाही.

प्लेट पाण्यासकट उचलून ओलीच बाथमध्ये न्या. आता खाचेत पाणी आहे, बाथ नाही. अदलाबदल व्हायला वेळ द्या: १५० मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं, १ मिलिमीटरला तासाहून जास्त. बाथ पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे तोंडं वर असतील तर हे काम लवकर होतं आणि तोंडं खाली असतील तर पाणी आतच अडकून बसतं. तळाला स्पटर केलेला (निर्वातात चढवलेला) तांब्याचा पातळ थर असेल तर फार वेळ बिनकरंट ठेवू नका, तो खाल्ला जातो. अशा वेळी ०.०५ ते ०.१ एएसडीचा नाममात्र करंट सुरू ठेवायचा.

बाथमध्येही लॉरिल सल्फेट हवं, लिटरला ०.१ ते ०.५ ग्रॅम. पृष्ठताण ३० ते ३५ डाइन प्रति सेंटिमीटरवर आला की बुडबुडे सुटून जातात. टेन्सिओमीटर नसेल तर तारेची कडी बुडवून वर काढा: पडदा दोन-तीन सेकंद टिकला तर ठीक. कार्बन फिल्टर केल्यावर हे रसायन निघून जातं, मग परत घालावं लागतं. आणि ते असताना हवेचं बबलिंग चालवू नका, सगळी टाकी फेसाळते.

प्लेट कशी टांगायची, कसं ढवळायचं

तोंड वर करून आडवी ठेवली तर बुडबुडे सुटतात आणि निकेल संपलेलं हलकं द्रावण आपोआप वर येतं. २००-३०० मायक्रॉन रुंदीच्या खाचेत या आपोआप होणाऱ्या फिरतीचा चांगला उपयोग होतो. १०० मायक्रॉनच्या आत तो नावालाच. तोटा हा की गाळ नेमका खाचेत पडतो. माझी पसंती उभ्या प्लेटेला, चांगला फिल्टर आणि समोर पॅडल.

पॅडल म्हणजे प्लेटच्या रुंदीएवढी ॲक्रिलिकची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पट्टी, प्लेटपासून काही मिलिमीटरवर, सेकंदाला साधारण एकदा ये-जा करणारी. वायपरची मोटर आणि क्रँक एवढ्यात होतं, सांगलीच्या गणपती पेठेत सगळे भाग मिळतात. आयबीएमनं हार्ड डिस्कच्या हेडवर निकेल-लोहाचा थर चढवायला पॅडल सेलच वापरला, कारण त्या मिश्रधातूत लोखंडाचं प्रमाण ढवळण्यावर ठरतं आणि प्लेटभर ढवळणं सारखं नसेल तर कोपऱ्याकोपऱ्याला धातू बदलतो. मॅग्नेटिक स्टीररचा दोष तोच. एका बाजूनं भोवरा, मध्ये जोर कमी, कडेला जास्त. एकाच दिशेचा जेट मारला तरी प्रत्येक खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा जास्त भरते. ये-जा करणारं पॅडल हे दोन्ही टाळतं.

अल्ट्रासॉनिक क्लीनरच्या टाकीत बीकर ठेवून बघावंसं सगळ्यांनाच वाटतं. ४० किलोहर्ट्झला बुडबुडे फुटण्याचा मार बसून ड्राय फिल्म कडेनं उचलली जाते आणि निकेल फिल्मखाली शिरतं. १ मेगाहर्ट्झच्या आसपासचं मेगासॉनिक सौम्य असतं आणि उपयोगी पडतं, पण ते यंत्र आपल्याकडच्या शेडमध्ये सहसा नसतं.

करंट

करंट डेन्सिटी उघड्या क्षेत्रफळावर काढायची, पूर्ण प्लेटवर नाही. ५० बाय ५० मिलिमीटरची प्लेट म्हणजे ०.२५ चौरस डेसिमीटर. त्यातलं १० टक्केच उघडं असेल तर १ एएसडीला लागतात फक्त २५ मिलिअँपिअर. कारखान्यातला ५०० अँपिअरचा रेक्टिफायर इथे काय करणार? त्याचा काटा हलण्याआधीच जॉब करपतो. प्रयोगशाळेचा डीसी सप्लाय कॉन्स्टंट करंटवर लावा आणि मालिकेत मल्टिमीटर ठेवा.

नियम साधा आहे: वर काढलेल्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या वर जायचं नाही, आणि खाच भरत येईल तशी खोली कमी होते म्हणून करंट वाढवत न्यायचा. १ एएसडीला तासाला सुमारे १२ मायक्रॉन निकेल चढतं. १५० मायक्रॉनच्या खाचेत पहिला अर्धा तास ०.३, मग दोनेक तास ०.७, पुढे १.५ ठेवला तर एका लांब पाळीत काम उरकतं. गणितानं २.८ पर्यंत जाता येईल, पण पीएच आणि बुडबुड्यांचा विचार करून मी १.५ ला थांबतो. १ मिलिमीटरच्या खाचेत सुरुवात ०.४-०.५ वर, तोच करंट शेवटपर्यंत ठेवला तर आठवडा लागतो. घाई असेल तर हे काम घेऊ नये.

आता पल्स. १० मिलिसेकंदाच्या पल्सनं पृष्ठभागालगतच्या फक्त ३-४ मायक्रॉन द्रावणावर परिणाम होतो. त्यानं दाणा बारीक होतो, अ‍ॅडिटिव्हचं वागणं बदलतं, ते सगळं खरं. पण १५० मायक्रॉन खोल तळ परत भरायला ४० सेकंद लागतात. मिलिसेकंदाच्या विश्रांतीत ते होत नाही, सरासरी करंट जेवढा तेवढीच टंचाई राहते. खोल खाचेला खरी विश्रांती द्यायची तर ती सेकंदांची किंवा मिनिटांची हवी. त्या काळात करंट पूर्ण शून्य करू नका. निकेलवर लगेच निष्क्रिय थर धरतो आणि पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. ०.०५ एएसडी चालू ठेवा. याच कारणानं लाइट गेल्यावर परत सुरू केलेला जॉब सहसा टिकत नाही. म्हणून अशा छोट्या सप्लायला यूपीएस लावणं अगदीच स्वस्तातलं शहाणपण आहे. २५ मिलिअँपिअरला मोठी बॅटरी लागत नाही, हीटर बंद पडला तरी बाथ तासभर ऊब धरतो.

दोष मास ट्रान्सफरचाच (आयन पोहोचण्याचाच) आहे का, हे कसं ओळखायचं

कडेच्या खाचा जाड आणि मधल्या पातळ असतील तर आधी करंटच्या वाटणीवर संशय घ्या. प्लेटभोवती तांब्याची उघडी चौकट ठेवा, ती जादा करंट चोरून घेते. तिचं क्षेत्रफळ हिशेबात धरायला विसरू नका.

खात्री करायची तर दोन सारख्या प्लेटा घ्या. एकीत फक्त पॅडलचा वेग बदला, दुसरीत फक्त करंट निम्मा करून वेळ दुप्पट करा. पॅडलनं चित्र बदललं तर अडचण बाहेरच्या थरात आहे. पॅडलनं काही झालं नाही पण करंट निम्मा केल्यावर अरुंद खाचा सुधारल्या, तर खाचेच्या आतल्या डिफ्युजनची किंवा पीएचची अडचण आहे. दोन्हींनी काहीच बदल नाही आणि तीच ती खाच कोरी राहते, तर हवा किंवा रेझिस्टचा पापुद्रा. परत ओलं करण्याच्या पायरीवर जा. खड्डा गोल, कडा गुळगुळीत आणि वरच्या दिशेनं शेपूट असेल तर तो बुडबुड्याचा. तळापासूनच काळपट, पावडरसारखं निकेल असेल तर पीएच चढलाय: बोरिक आम्ल आणि करंट बघा.

भरलेली खोली मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कॉलेजच्या मेटलर्जिकल मायक्रोस्कोपवर जास्त पॉवरची लेन्स लावून रेझिस्टच्या वरच्या पृष्ठभागावर फोकस करा, मग निकेलवर, आणि फाइन फोकसच्या चाकावरचा फरक वाचा. पाच-सहा ठिकाणी, रुंद आणि अरुंद दोन्ही खाचांत. वजनही करा: एका अँपिअर-तासाला १.०९५ ग्रॅम निकेल यायला हवं. २५ मिलिअँपिअरनं १० तास चालवलं तर ०.२७ ग्रॅम. ०.२६ भरलं तर उत्तम. ०.२४ च्या खाली आलं तर दहा टक्क्यांहून जास्त करंट हायड्रोजनमध्ये जातोय, आणि खाचेत काय चाललं असेल ते बघायला कापून पॉलिश करायचीही गरज नाही.

हातमोजे घाला, निकेलची खाज एकदा लागली की घड्याळाचा पट्टासुद्धा सोसत नाही. धुण्याचं पाणी वेगळ्या डब्यात साठवा. पहिल्या धुण्याचं पाणी गाळून बाथची पातळी भरायलाच वापरलं तर नाल्यात काही जात नाही आणि निकेलही वाया जात नाही.